मोकळी भिंत, बेताचं बजेट : घरात कापड टांगायचं कसं

नागपुरात बेसा असो, मनीषनगर असो की हिंगणा रोड, नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये एक भिंत हमखास बारा-चौदा फुटांची निघते. सामान लागतं, पडदे लागतात, पूजा होते, पाहुणे येऊन जातात, आणि ती भिंत तशीच पांढरी राहते. तिच्यावर एक घड्याळ आणि एक कॅलेंडर लावलं की ती आणखीच रिकामी दिसायला लागते. मोठं पेंटिंग खिशाला झेपत नाही, वॉलपेपर ओलीच्या भिंतीवर टिकत नाही, आणि घर भाड्याचं असेल तर मालक रंगाला हात लावू देत नाही. अशा भिंतीसाठी कापड हा सगळ्यात सोयीचा उपाय. मळलं की धुता येतं, कंटाळा आला की बदलता येतं, घर सोडताना घडी करून नेता येतं.

पण बहुतेक जण सुरुवात उलट्या टोकाने करतात. आधी गांधीबागेतला कापडबाजार गाठतात, एखादं कापड डोळ्यांत भरतं, तीन मीटर फाडून घेतात आणि घरी आल्यावर कळतं की पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, सोफ्याच्या अर्ध्यावरच संपतो. मग ते कापड कपाटात पडून राहतं किंवा त्याचे कुर्ते होतात. आधी भिंत बघा, मग माप घ्या, मग टांगायचं कसं ते ठरवा. कापड सगळ्यात शेवटी घ्या. पैशांचंही असंच आहे. काटकसर कापडात करा, काठीत आणि शिलाईत नको. साधं मांजरपाटही सरळ, ताठ आणि योग्य उंचीवर टांगलेलं असेल तर घराला शोभा आणतं. महागाचं इकत मधोमध झोळ पडून लोंबत असेल तर दोरीवर वाळत घातल्यासारखंच दिसतं.

भिंतीची तपासणी

पहिलं काम ओल बघण्याचं. वरच्या मजल्यावर राहत असाल, किंवा भिंतीपलीकडे बाथरूम असेल, तर हे टाळू नका. दीड फुटाचा प्लॅस्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने भिंतीवर घट्ट चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. काढल्यावर आतून दमटपणा किंवा थेंब दिसले तर भिंतीतूनच पाणी येतंय. रंगाचे पोपडे, पांढरा लोणा, पिवळे डाग ही त्याचीच लक्षणं. अशी भिंत कापडाने झाकू नका. ओल कापडामागे वाढत राहते, कापडावर काळी बुरशी धरते आणि घरभर कुबट वास सुटतो. आधी गच्चीचं किंवा नळाचं काम करून घ्या, एक पावसाळा कोरडा जाऊ द्या, मग सजावटीचं बघा.

दुसरं ऊन. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारनंतर ज्या भिंतीवर थेट ऊन पडतं, तिथे गडद रंग टिकत नाहीत. हळदीचा नैसर्गिक पिवळा तर उन्हात पार उडतो. अशा भिंतीवर मुळातच फिकट, कोऱ्या रंगाचं कापड लावा, म्हणजे विटलं तरी कळणार नाही.

तिसरं कूलर, आणि हे खास आपल्याकडचं. होळी झाली की खिडकीत कूलर बसतो आणि जून उजाडेपर्यंत त्याचा झोत एकाच दिशेने सुरू असतो. त्या झोतासमोर कापड टांगलं तर ते दिवसभर फडफडतं, दमट राहतं आणि सोबत आलेली धूळ पकडतं. कूलर जिथे बसतो ती खिडकी लक्षात ठेवून भिंत निवडा. दुसरी भिंतच नसेल तर उन्हाळाभर कापड उतरवून ठेवायची तयारी ठेवा आणि टांगायची पद्धतही सहज काढता येईल अशी निवडा.

देवघराच्या समईजवळ, गॅसच्या ओट्याला लागून किंवा स्विचबोर्डावरून कापड सोडू नका. हे सांगायला नको, तरी दिवाळीत पणत्या कुठेही ठेवल्या जातात म्हणून सांगतो.

आता भिंत कशाची आहे ते बघा. बोटाच्या पेराने ठोकून पाहा. महाल भागातल्या जुन्या घरांत चुन्याचं प्लास्टर असतं. खिळा ठोकला की मूठभर माती खाली येते. नव्या बांधकामांत राखेच्या विटा खूप दिसतात. कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं जवळ, त्यामुळे राख हाताशी. या विटा टणक असतात, त्यांत ड्रिल केलेलं भोक चांगलं धरतं. काही टॉवरमध्ये अख्खी भिंत काँक्रीटची असते. तिथे साधं ड्रिल नुसतं गरगरतं, हॅमर ड्रिलच लागतं. हलक्या, फिकट राखाडी एएसी ब्लॉकची भिंत असेल तर उलट हॅमर बंद ठेवून सावकाश भोक पाडा आणि लांब नायलॉनचा प्लग वापरा, कारण तो ब्लॉक भुसभुशीत असतो.

भिंत कोणतीही असो, स्विचबोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका. वायरी तिथूनच गेलेल्या असतात. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीत पाइप असतात.

माप

सोफ्यामागे कापड लावायचं असेल तर त्याची रुंदी सोफ्याच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश ठेवा. सोफा ८४ इंच असेल तर कापड ५६ ते ६३ इंच. त्याहून कमी असेल तर ते टॉवेलसारखं एकटं पडतं. सोफ्याच्या पाठीपासून खालची कड सहा-आठ इंच वर हवी, नाहीतर डोक्याचं तेल कापडाला लागतं आणि खोबरेलाचा डाग कापडावरून सहजी निघत नाही. सोफा नसेल, भिंत पूर्ण रिकामी असेल, तर कापडाचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ ते ६० इंचांवर येईल असं बघा. कापड फार उंच असेल तर हा हिशेब सोडा आणि वरची कड छतापासून सहा-आठ इंच खाली घ्या.

मोठ्या भिंतीवर चार लहान तुकड्यांपेक्षा एक मोठा तुकडा बरा, हे माझं ठाम मत आहे. लहान तुकडे एका ओळीत लावले की दुकानातल्या नमुन्यांसारखे दिसतात आणि ती ओळ जरा वाकडी झाली तरी डोळ्याला खुपते. तीन पट्टे लावायचेच असतील तर तिघांची लांबी एकच ठेवा आणि मधली फट तीन-चार इंचांपेक्षा जास्त नको.

टेप घेऊन आकडे लिहिण्याआधी एक जुनी चादर काढा. डबल चादर साधारण ९० बाय १०० इंचांची असते. ती हव्या त्या मापाला दुमडून मास्किंग टेपने भिंतीवर लावा आणि दाराशी जाऊन उभे राहा. सोफ्यावर बसूनही बघा. दोन दिवस तशीच राहू द्या. घरातले सगळे तिच्यावर मत देतील, कोणी हसेल, पण माप कमी की जास्त हे कागदावर कळत नाही ते इथे कळतं. चादरीच्या चारही कोपऱ्यांवर पेन्सिलने बारीक खूण करून ठेवा.

टांगायची पद्धत

सोपी आणि बहुतेक घरांना पुरणारी पद्धत म्हणजे नेफा आणि काठी. परकराला नाडीसाठी जसा नेफा असतो तसाच कापडाच्या वरच्या कडेला शिवायचा, त्यातून काठी घालायची आणि काठी दोन ब्रॅकेटवर ठेवायची. काठी पडद्याच्या रॉडची चालेल, लाकडी गोल दांडा चालेल, बांबूही चालेल. पाच फुटांच्या पुढे काठी गेली तर मध्ये तिसरा आधार द्या. नाहीतर पातळ रॉड मधोमध वाकतो आणि सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं. लाकूड घ्यायचं तर लकडगंज किंवा घाट रोडकडच्या टिंबर मार्केटमध्ये जा, मापाने कापून मिळतं. बांबू घेतलात तर तो वाळलेला आहे ना बघा. ओल्या बांबूला भुंगा लागतो आणि खाली पिवळी पूड पडायला लागते. दोन हात वार्निश मारून, वाळवून मगच नेफ्यात घाला, नाहीतर कापडाला रंग लागतो.

खालीही काठी हवी. पंखा पाचवर फिरतो तिथे मोकळी खालची कड कधीच स्थिर राहत नाही. खाली नेफा करून त्यात बारीक लाकडी पट्टी किंवा पडद्यांच्या दुकानात मिळणारी वजनाची चेन घाला. वीस-तीस रुपयांच्या या वस्तूने कापडाचं रूपच पालटतं.

दुसरी पद्धत वेल्क्रोची. भिंतीवर दीड इंची लाकडी पट्टी स्क्रूने बसवायची, तिच्यावर वेल्क्रोची खरखरीत बाजू स्टेपल करायची, मऊ बाजू कापडाच्या पाठीला वरच्या कडेवर शिवायची. वस्तुसंग्रहालयांत जुनी वस्त्रं अशीच लावतात, कारण वजन एका-दोन बिंदूंवर न येता पूर्ण रुंदीवर विभागलं जातं. काठी दिसत नाही, कापड भिंतीला लागून बसतं आणि धुवायला काढायचं तर एका हाताने ओढलं की निघतं. जड गोधडी, सतरंजी, भरतकामाचं कापड यांना हीच पद्धत बरी. कूलरच्या दिवसांत उतरवायचं असेल तरीही हीच.

कटपीसचे लहान तुकडे असतील तर लाकडी चौकटीवर ताणून मागून स्टेपल करा; अडीच-तीन फुटांच्या चौकटीपर्यंत घरी जमतं. त्याहून मोठ्या चौकटीला कोपऱ्यात आधाराच्या पट्ट्या लागतात, ते सुताराचं काम.

वजनाची भीती लोकांना उगाच वाटते. २०० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅमचं जाडसर कापड दोन मीटर बाय २.४ मीटर घेतलं तर ४.८ चौरस मीटर होतं. वजन ९६० ग्रॅम. काठ्या धरून दोन किलोच्या आसपास. सहा मिलिमीटरचे दोन प्लग आणि दोन इंची स्क्रू एवढं वजन आरामात पेलतात. मात्र आतल्या भिंतीचं प्लास्टर साधारण १२ ते १५ मिलिमीटर असतं, त्यामुळे प्लग प्लास्टरच्या पुढे विटेत जायला हवा. एक इंची स्क्रू लावून निघून जाणाऱ्या कारागिराला थांबवा.

कापड घ्यायला कुठे जायचं

आता गांधीबाग. गाडी ठेवायला जागा मिळणं हा वेगळा प्रश्न. मेट्रोच्या ॲक्वा लाइनवर अग्रसेन चौकात किंवा चितारओळीला उतरून चालत जाणं बरं. ठोकच्या बाजाराची एक रीत आहे: काही दुकानदार ताका, म्हणजे कापडाची अख्खी गुंडाळी, न फोडता विकतात, त्यांच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. चिल्लर विकणारी दुकानं शेजारीच असतात. दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न भावाचा नको, पन्ह्याचा असू द्या.

“भाऊ, याचा पन्हा किती?”

“चव्वेचाळीस, ताई. मोठ्या पन्ह्याचं पाहिजे असन तर पडद्याच्या लाइनीत जा, तिकडे चोपन्न भेटते.”

हा फरक मोठा आहे. ड्रेसच्या सुती कापडाचा पन्हा बहुधा ४४-४५ इंच, खादीचा कित्येकदा ३६, पडद्याच्या आणि सोफ्याच्या कापडाचा ५४. तुमचं माप ५६ इंचांचं असेल तर पडद्याच्या कापडात दोन इंच कमी घेऊन बिनजोडाचं काम होतं. सुती ४४ मध्ये जोड द्यावा लागतो. जोड द्यायचाच तर तो मधोमध कधीही नको. एक पूर्ण पन्हा मध्यभागी ठेवा, दुसऱ्याचे दोन उभे तुकडे करून डाव्या-उजव्या बाजूंना लावा. जोड मग काठासारखा दिसतो. कडेच्या पट्ट्या वेगळ्या रंगाच्या घेतल्या तर आणखी चांगलं.

दुकानातली दुसरी गोष्ट. ताका गादीवर आडवा पसरलेला असतो आणि तुम्ही तो दोन फुटांवरून बघत असता. घरी तोच कापडाचा तुकडा उभा आणि दहा-बारा फुटांवर असणार. दुकानातल्या मुलाला दोन हातांनी कापड उभं धरायला सांगा आणि तुम्ही मागे पायरीपर्यंत जा. बारीक बुट्टी तिथून दिसेनाशी होते, सगळं मिळून एकच मळका रंग वाटतो. मोठी नक्षी, रुंद पट्टे, ठळक काठ मात्र उठून दिसतात. ट्यूबलाइटखाली बघितलेला रंग दारात उजेडात नेऊन बघा. मोबाइलवर फोटो काढून घरच्या भिंतीच्या फोटोशेजारी ठेवलात तर अर्धा निर्णय तिथेच होतो.

काय घ्यावं? नवख्यांना माझा सल्ला दोसुती किंवा केसमेंट या जाडसर सुती कापडांचा. दोन्हींत वजन आहे, ती नीट पडतात, इस्त्री धरतात आणि भावाला परवडतात. मांजरपाट सगळ्यात स्वस्त. त्यावर स्वतः ठसे मारायचे किंवा रंगवायचं असेल तर उत्तम, पण त्याला खळ भरपूर असते, म्हणून आधी धुवायलाच हवं. पॉपलीन पातळ पडतं, मागच्या भिंतीची सावली आणि प्लगचं डोकं त्यातून दिसतं. घ्यायचं तर अस्तर लावा. पॉलिस्टर सॅटिनच्या वाट्याला जाऊ नका. एलईडीच्या उजेडात ते चमकतं, सुरकुती जात नाही आणि कोरड्या थंडीत स्थिर विजेने धूळ ओढून घेतं.

छापील कापडात बगरू, दाबू, अजरख, कलमकारी यांच्या नक्षी मोठ्या भिंतीला शोभतात, पण बाजारात यांच्या नावाने यंत्रावर छापलेलं कापडही तितकंच विकतात. हाताने छापलेल्यात ठसा कुठेतरी जरा सरकलेला असतो आणि उलट्या बाजूलाही रंग बऱ्यापैकी उतरलेला असतो. सजावटीला यंत्राचं घेतलं तरी काही बिघडत नाही. फक्त हातछपाईचे पैसे देऊ नका. सिव्हिल लाइन्सला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात शिल्प मेळा भरतो तेव्हा थेट कारागिराशी बोलता येतं. खादी हवी असेल तर वर्ध्याचं मगन संग्रहालय आहे. गांधीजींनी १९३८ साली सुरू केलेली ही संस्था नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर. नैसर्गिक रंगांची खादी तिथे बघायलाही छान वाटतं. खादी भांडारांत गांधी जयंतीपासून सूट लागते, घाई नसेल तर तोवर थांबा.

सुती कापड शक्यतो कात्रीने कापून घेऊ नका, फाडून मागा. फाडलेलं कापड आडव्या धाग्यावरच फाटतं, म्हणजे कड आपोआप काटकोनात येते. कात्रीच्या कापात हात जरा तिरका गेला तर टांगल्यावर एक कोपरा खाली येतो. छापील कापडात मात्र छाप धाग्याला तिरकी असेल तर धागा विसरा आणि छापीच्या रेषेने चाला, डोळा तीच बघतो.

किती मीटर घ्यायचं, त्याचा हिशेब असा. टांगल्यावर लांबी ८४ इंच हवी. वर एक इंची रॉड. त्याचा घेर सव्वातीन इंचांच्या जवळ, त्यामुळे शिवून झाल्यावर नेफा सपाट मोजून सव्वादोन इंच असला की रॉड सैल सरकतो. सव्वादोन इंच आणि आत मुडपायला अर्धा, म्हणजे पावणेतीन. खालच्या नेफ्याचे तेवढेच. एकूण झाले ८९.५ इंच. सुती कापड पहिल्या धुण्यात पाच टक्क्यांपर्यंत आटू शकतं, त्याचे चार-पाच इंच धरा. ९४ इंच, म्हणजे जवळजवळ २.४ मीटर. अडीच मीटर घ्या.

५४ पन्ह्यात अडीच मीटरमध्ये काम भागतं. ४४ पन्ह्यात जोडासह पाच मीटर लागतं. समजा मीटरला १५० रुपये भाव मिळाला: पाच मीटरचे ७५०, शिलाईचे २५०, रॉड आणि ब्रॅकेट ३००, खालची पट्टी ८०, प्लग-स्क्रू ४०. एकूण १,४२०. यात तुमच्या दुकानाचे आकडे टाका. हिशेबात कापडाचाच वाटा मोठा आहे हे खरं, पण तिथे कमी करायलाही वाव आहे: बुधवारी बाजारात आणि सीताबर्डीच्या फुटपाथवर कटपीस मिळतात, ते बाजूच्या पट्ट्यांना चालतात.

धुणं आणि शिलाई

शिवण्याआधी धुवा. नेफा शिवून झाल्यावर कापड आटलं तर रॉड अडकतो. थंड पाण्यात तासभर भिजवा, पाणी रंगीत होत असेल तर पुन्हा, पाणी नितळ येईपर्यंत. मिठाने रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात; त्याच्यावर विसंबू नका. खात्री करायची तर ओल्या पांढऱ्या रुमालाने कापडाचा कोपरा घासून बघा. रुमालाला रंग लागला तर ते कापड भिंतीला टेकू देऊ नका, पावसाळ्यातल्या दमटपणात रंग भिंतीवर उतरतो. सावलीत वाळवा आणि किंचित ओलसर असतानाच इस्त्री करा.

शिलाईला मोठ्या टेलरकडे जायची गरज नाही. गल्लीतल्या पिको-फॉल करणाऱ्या ताई हे तासाभरात करून देतात. फक्त त्यांना सांगताना “पडद्यासारखं” म्हणू नका, म्हटलं तर त्या चुण्या घालतील. सपाट हवं, दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचाची दुहेरी दुमड, वर-खाली सव्वादोन इंची नेफा, आणि नेफ्याची दोन्ही तोंडं उघडी. हे शेवटचं कागदावर लिहूनच द्या. तोंडं बंद झाली तर काठी आत जाणारच नाही. उजव्या-डाव्या कडा मशीनवर ओढून शिवल्या की त्या आखडतात आणि कापडाचे कोपरे आत वळतात, म्हणून कडेचा टाका जरा सैल, मोठा ठेवायला सांगा.

हाताने करायचं असेल तर धावदोरा पुरतो. पातळ कापडाला अस्तर लावताना अस्तर फक्त वरच्या कडेला शिवा, खाली मोकळं सोडा. दोन्ही कापडं वेगवेगळी आटतात. चारही बाजूंनी शिवलं तर पुढचं कापड फुगतं.

भिंतीवर चढवताना

ब्रॅकेटच्या दोन खुणा एका पातळीत आल्या पाहिजेत. गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी असेल तर तिच्याइतकं अचूक काही नाही. मोबाइलमधली लेव्हलही चालते. छतापासून मोजलं तर फसाल, कारण जुन्या घरात छत स्वतःच तिरकं असू शकतं. तरीही कापड छताच्या अगदी जवळ असेल आणि छत तिरकं असेल, तर लेव्हल बाजूला ठेवा आणि डोळ्याला समांतर दिसेल तसं लावा.

भोक पाडताना खाली एकाने कागदाची पुडी किंवा व्हॅक्यूमची नळी धरली तर विटेची पूड सोफ्यावर येत नाही. दुपारी दोन ते चार सोसायटीत ड्रिल सुरू केलं तर खालच्या मजल्यावरचे काका वर येतात, ते वेगळंच. प्लग भिंतीशी सपाट बसला पाहिजे, बाहेर राहिला तर भोक उथळ आहे. स्क्रू हाताने फिरवताना शेवटी जोर लागला पाहिजे. गरगर फिरला तर जरा जाड प्लग घाला, काडेपेटीच्या काड्या कोंबू नका.

चढवल्यावर सुरकुत्या राहिल्या असतील तर फवाऱ्याने हलकं पाणी मारा आणि खालची पट्टी जागेवर ठेवा. वजनाने कापड वाळताना सरळ होतं. नक्षीदार रेशमावर मात्र पाणी मारू नका.

रॉडच्या ब्रॅकेटमुळे कापड आणि भिंत यांच्यात दोन-तीन इंचांची फट राहते. बाहेरच्या भिंतीला ती चांगली, हवा खेळती राहते. पण तिथेच पालीही मुक्काम करतात आणि डास दिवसा दडून बसतात. बेडरूममध्ये किंवा लहान मूल असलेल्या घरात वेल्क्रोची पद्धत म्हणूनच बरी, कापड भिंतीला चिकटून राहतं.

एक अपेक्षा आधीच कमी करून टाकतो. पातळ कापडाने खोली थंड होत नाही. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो तो मात्र कमी होतो, तोही कापड जाड असेल आणि मागे थोडी फट असेल तरच. गोधडी किंवा सतरंजी यासाठी उत्तम.

भोक पाडायची मनाई असेल तर

चिकटवायचे हुक प्लॅस्टिक पेंटच्या गुळगुळीत भिंतीवर धरतात. डिस्टेंपरवर किंवा चुन्यावर लावले तर हुक रंगाचा पापुद्रा घेऊन खाली येतो. भिंत ओल्या बोटाने चोळून बघा. बोटाला पांढरं लागलं तर हुकांचा विचार सोडून द्या. हुक लावायचे तर पाकिटावर लिहिलेल्या वजनाच्या निम्मंच वजन टाका आणि लावल्यावर दिवसभर रिकामे राहू द्या.

दुसरा मार्ग दोन भिंतींमध्ये अडकवायच्या स्प्रिंगच्या रॉडचा. अरुंद पॅसेजला तो छान बसतो, चौदा फुटांच्या हॉलला नाही. हॉलमध्ये सज्जा असेल तर त्याच्या कडेला शिकंजे लावून रॉड सोडता येतो. काही नाहीच जमलं तर उंच, उभी लाकडी घोडी सोफ्यामागे ठेवून तिच्यावर कापड सोडा. घरमालकाला हरकत घ्यायला जागाच उरत नाही.

साडी आणि लुगडं

कापड विकत घ्यायच्या आधी घरातला संदूक उघडा. पाचवारी साडी, आजीचं नऊवारी, बहिणीने कधी न नेसलेली टसर. विदर्भाची करवतकाठी टसर तर भिंतीवर फार सुंदर दिसते: भंडाऱ्याकडचं मातकट सोनेरी अंग आणि काठावर करवतीच्या दात्यांसारखी विणलेली रेघ. तो काठ अंगाशी धागे गुंफून तीन धोट्यांनी विणतात, म्हणून जवळून बघण्यासारखा असतो. अशी साडी डोळ्यांच्या उंचीवरच लावा, सज्ज्याच्या वर नको.

साडी कापू नका. साडेपाच मीटर म्हणजे सुमारे २१६ इंच. पदर पुढे ८४ इंच सोडा, रॉडवरून मागे ८४ घ्या, उरलेले ४८ पुन्हा वर दुमडून मागच्या थराला मोठ्या कच्च्या टाक्यांनी अडकवा. पुढून फक्त पदर दिसतो, आणि दिवाळीत कोणाला नेसायची झाली तर टाके उसवले की साडी मोकळी. वजन दुपटीहून जास्त होतं, काठी जाड घ्या.

जुनं रेशीम आणि जर यांना रॉडवर घडी सोसत नाही, धागे तिथेच तुटतात. अशा साडीच्या मागे मांजरपाटाचं अस्तर घाला, वरच्या कडेला सुती पट्टी शिवा आणि वजन त्या पट्टीवर येऊ द्या, रेशमावर नको. धागे आधीच विरायला लागले असतील तर टांगूच नका, पदराचा तुकडा काचेच्या चौकटीत घाला.

लांब भिंतीवर साडी आडवी लावायची कल्पनाही चांगली आहे. दोन्ही काठ वर-खाली दोन रेघांसारखे जातात आणि चौदा फुटी भिंत एका साडीत पूर्ण भरते, वर चार फूट उरतात ते मागे दुमडता येतात. पण इथे क्लिपवाल्या कड्यांनी भागत नाही. दोन कड्यांमध्ये कापड झोळ खातं. पूर्ण लांबीची लाकडी पट्टी आणि वेल्क्रोच हवा.

निगा

नागपूरच्या धुळीत महिन्यातून एकदा तरी कापड झटकावं लागतं. मऊ ब्रशने वरून खाली झाडा, किंवा व्हॅक्यूमच्या तोंडाला पातळ मलमल बांधून फिरवा. सुती कापड वर्षातून दोनदा धुवा: एकदा कूलर बंद झाल्यावर, एकदा दिवाळीच्या साफसफाईत. दर वेळी वरची-खालची बाजू पालटून लावता आली तर विटणंही सारखं होतं. म्हणूनच वर-खाली दोन्ही नेफे एकाच मापाचे शिवायचे.

उतरवून ठेवायचं असेल तर घडी नको. काठीसकट गुंडाळा, जुन्या सुती चादरीत बांधा आणि पलंगाखाली आडवं ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं तर पावसाळ्यात आत दमट होतं. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून ठेवा. डांबरगोळ्या ठेवायच्याच असतील तर त्या रेशमाला आणि जरीला टेकू देऊ नका.